तुम्ही विचारलंत म्हणून: युनोत आपलं कायम तळ्यात-मळ्यात का?

राज्यशास्त्र शिकवते म्हटलं की लग्नाच्या पंगतीत, ट्रेनमधे, स्टाफरूममधे, कुठेही हा प्रश्न येतोच. "मॅडम, युनोत मतदान आलं की आपलं कायम तळ्यात-मळ्यात का असतं? हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, ॲबस्टेन काय करता?" युक्रेन युद्धापासून तर जास्तच. विचारणाऱ्यांत दोन पार्ट्या असतात, एकीच्या मते आपण घाबरट, दुसरीच्या मते आपण भलतेच चतुर, आणि दोघींचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, मी फक्त मान डोलवायची असते. तर एकदा लिहूनच टाकते.

आधी बटणाचं बघू. आमसभेत प्रत्येक देशाच्या टेबलावर तीन बटणं, हिरवं होकाराचं, लाल नकाराचं, पिवळं ॲबस्टेनचं, म्हणजे तटस्थ राहायचं. महत्त्वाच्या ठरावाला मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लागतात आणि पिवळं दाबणाऱ्याला मत देणाऱ्यांत धरतच नाहीत. ऐकायला रटाळ आहे पण २७ ऑक्टोबर २०२३ ला गाझावरच्या ठरावात कॅनडाने हमासचं नाव घेऊन निषेध करायची दुरुस्ती आणली, तिला ८८ बाजूने, ५५ विरोधात, २३ पिवळे, आणि बहुमत असूनही ती पडली कारण १४३ चे दोन तृतीयांश करायला ९६ लागत होते. भारताने त्या दुरुस्तीला हिरवं दाबलं होतं. ती पडली, मग मूळ ठरावावर आपण पिवळं दाबलं. माझ्याकडे भांडायला येणाऱ्या बहुतेकांना यातलं फक्त दुसरं मत माहीत असतं.

सुरक्षा परिषदेत गणित उलटं. तिथे नऊ होकार लागतातच, त्यामुळे ॲबस्टेन होणं म्हणजे जवळजवळ नकारच. २५ फेब्रुवारी २०२२ ला, रशियाचं सैन्य युक्रेनमधे घुसलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, तिथे ठराव आला, ११ होकार, रशियाचा व्हेटो (कायम सदस्याचा एक नकार, की ठराव पडला), आणि भारत, चीन, युएई ॲबस्टेन. ठराव व्हेटोने पडला, आपल्या मतामुळे काही अडलं नव्हतं, पण आपण कोणाच्या रांगेत बसलो ते सगळ्यांनी बघितलं.

आता मला खरं बोलायचंय ते मताबरोबरच्या निवेदनाबद्दल. देश मत का दिलं किंवा का नाही दिलं ते सभागृहात वाचून दाखवतात आणि खरा माल तिथे असतो. युक्रेनमधल्या बुचा शहराचंच घ्या. ५ एप्रिल २०२२ ला परिषदेत आपले राजदूत तिरुमूर्ती यांनी तिथल्या हत्यांचा स्पष्ट शब्दांत निषेध केला, स्वतंत्र चौकशीच्या मागणीला पाठिंबाही दिला. हत्या कोणी केल्या, ते मात्र नाही. दोनच दिवसांनी रशियाला मानवाधिकार परिषदेतून निलंबित करायचं मतदान झालं, ९३ बाजूने, २४ विरोधात, ५८ ॲबस्टेन, आणि त्या ५८ मधे आपण. म्हणजे गुन्हा मान्य, चौकशी मान्य, आरोपीचं नाव घ्यायचं नाही. याला तुम्ही चलाखी म्हणा, मी याला परवडेल तेवढंच बोलणं म्हणते.

आणि परवडत का नाही, त्याचा एक धागा आपल्या अगदी शेजारून जातो. १८ डिसेंबर १९६१. आपलं सैन्य गोव्यात शिरलं होतं आणि न्यूयॉर्कमधे अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तान यांनी युद्धबंदी करा आणि सैन्य मागे घ्या असा ठराव आणला, त्याला सात मतं पडली, तेव्हा तेवढी पुरत होती. सिलोन, लायबेरिया आणि इजिप्तचं तेव्हाचं संयुक्त अरब प्रजासत्ताक विरोधात गेले, पण ठराव मेला तो सोव्हिएत व्हेटोने. काश्मीरवर तसंच, १९७१ च्या डिसेंबरात बांगलादेश युद्धाच्या वेळी तर पुन्हा पुन्हा, तेव्हा आमसभेत १०४ देश युद्धबंदीच्या बाजूने होते आणि आपल्या बाजूने जेमतेम ११. एवढे एकटे पडलेलो होतो आपण, हे आता कोणाला आठवत नाही.

पण नुसती परतफेड म्हणून कोणी साठ वर्षं मत देत नाही हो. २००९ ते १३ मधे आपल्या शस्त्र आयातीत रशियाचा वाटा ७६ टक्के होता, २०१९ ते २३ मधे तो ३६ वर आला, म्हणजे कमी झालाय, पण रणगाडे, पाणबुड्या, लढाऊ विमानं यांचे सुटे भाग आजही तिकडूनच येतात. त्यात २०२० च्या जूनमधे गलवानला आपले २० जवान गेले, चीन समोर उभा असताना मॉस्कोला पूर्णपणे बीजिंगच्या मिठीत ढकलायचं का, हा दिल्लीत परराष्ट्र खात्यातल्या कोणालाही पडणारच असा प्रश्न आहे. तेलाचा मुद्दा लोक सगळ्यात आधी काढतात, पण युद्धाआधी रशियन तेल आपल्या तेल आयातीत दोन टक्क्यांच्या आसपासच होतं, स्वस्त मिळायला लागल्यावर ते तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेलं. पिवळं बटण त्याच्या आधीच दाबून झालेलं होतं.

दुसरं म्हणजे याला कृपया एका पक्षाचं परराष्ट्र धोरण म्हणू नका, ना कौतुकात ना शिव्यांत. १९५६ ला हंगेरीत बुडापेस्टमधे सोव्हिएत रणगाडे शिरले तेव्हा नेहरू सरकार आधी ॲबस्टेन झालं, आणि युनोच्या देखरेखीखाली निवडणुका घ्या म्हणणारा ठराव आला तेव्हा चक्क विरोधात गेलं, कारण आज हंगेरीत चाललं तर उद्या काश्मीरमधे घ्या म्हणतील ही धास्ती. त्याच वेळी सुएझ कालव्यासाठी इजिप्तवर झालेल्या हल्ल्यावर तेच सरकार खणखणीत बोलत होतं. १९८० ला अफगाणिस्तानातून परकी सैन्य हटवा म्हणणाऱ्या ठरावावर परत ॲबस्टेन, इंदिराबाई नुकत्याच निवडून आल्या होत्या, आणि काबूल सरकार म्हणेल तेव्हा सैन्य जाईल या सोव्हिएत आश्वासनावर भरवसा दाखवणारं निवेदन वाचायची वेळ ब्रजेश मिश्रांवर आली (हेच पुढे वाजपेयींचे सुरक्षा सल्लागार). सैन्य गेलं १९८९ ला. २०११ ला लिबियात लष्करी कारवाईला मुभा देणाऱ्या ठरावावर मनमोहन सरकार ॲबस्टेन, तिथे मात्र जर्मनी आणि ब्राझीलही सोबत होते. श्रीलंकेचं तर तिथल्या तमिळांमुळे चेन्नईकडे बघून ठरायचं, मानवाधिकार परिषदेत २०१२ आणि २०१३ ला श्रीलंकेच्या विरोधात मत, त्यात २०१३ ला मतदानाच्या तोंडावरच द्रमुक सरकारातून बाहेर पडला, २०१४ ला ॲबस्टेन.

आणि रशियाला सगळंच माफ असंही नाही. २४ ऑगस्ट २०२२ ला युक्रेनच्या झेलेन्स्कींना व्हिडिओवरून सुरक्षा परिषदेत बोलू द्यायचं का यावर मतदान झालं, रशिया नको म्हणत होता, आपण बोलू द्या म्हणालो. पुढच्याच महिन्यात समरकंदला मोदी पुतिनना तोंडावर म्हणाले की हा युद्धाचा काळ नाही.

इथपर्यंत मी बचाव करू शकते. पॅलेस्टाईनवर आलं की माझीही गाडी अडते. १९४७ ला पॅलेस्टाईनच्या फाळणीच्या योजनेच्या विरोधात मत देणारे आपण, १९८८ ला पॅलेस्टाईनला मान्यता देणारे आपण, १९९२ ला इस्रायलशी पूर्ण संबंध जोडूनही दोन्ही टोकं सांभाळत होतो. डिसेंबर २०२३ ला युद्धबंदीच्या ठरावाला हिरवं, डिसेंबर २०२४ ला हिरवं, आणि १२ जून २०२५ ला गाझात उपासमार चालू असताना तशाच मागणीवर पिवळं, १४९ देश हो म्हणत असताना. कारण काय तर संवाद हाच मार्ग, दोन्ही बाजूंना जवळ आणायचं. अहो मग आधीच्या दोन वेळांना काय संवाद नको होता? महिनाभर आधी ऑपरेशन सिंदूरच्या वेळी इस्रायल उघडपणे आपल्या बाजूने बोलला होता, त्याची भरपाई असावी असा माझा अंदाज, अधिकृतपणे अर्थात कोणी म्हणणार नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमधे दोन राष्ट्रांच्या तोडग्यावरचा न्यूयॉर्क जाहीरनामा आला, १४२ देशांत आपण परत हिरव्यात. जूनमधे पिवळं का होतं हे तोपर्यंत कोणी विचारतही नव्हतं.