मेंढी सोडवत नाही त्याने राजे मारायला बसू नये

गणपतीत कुडाळला मामांकडे रात्री पत्ते होतातच, आरती झाली जेवणं झाली की चटई आणि कॅट. आणि खेळ म्हणजे मेंढीकोट, बाकीच्याला मामा खेळ म्हणतच नाहीत. यंदा दुसऱ्या रात्री घोळ असा झाला की चौथा भिडू म्हणजे मामी, ती दिवसभर मोदक वळून इतकी दमली होती की नऊलाच झोपली, मग उरलो मी, मामा आणि मामेबहीण. तिघांत पाच-तीन-दोन खेळता येतं पण किती वेळ खेळणार, अर्ध्या तासात मामा जांभया द्यायला लागले. म्हणून मी म्हटलं एक नवीन खेळ दाखवतो, आपल्याच कॅटवर होतो, वेगळं काही लागत नाही. नाव रेजिसाइड. म्हणजे काय? म्हणजे राजहत्या. मामा म्हणाले, "गणपतीत राजे मारूचे? आता ह्या कित्याक?"

तर हा खेळ न्यूझीलंडच्या तिघांनी काढलाय, २०२० मध्ये आला, त्यांच्या कंपनीचं नाव बॅजर्स फ्रॉम मार्स. स्वतःची सुंदर चित्रं असलेला कॅट ते विकतात पण साध्या ५२ पानांवरही तोच खेळ होतो. एकमेकांविरुद्ध खेळायचं नाही, सगळे एका बाजूला आणि समोर राजघराणं. चार गुलाम, चार राण्या, चार राजे, बाराही मारले तर सगळे जिंकले, एकाचा जरी हात कमी पडला तर सगळे हरले. एकटा ते चौघं कितीही खेळू शकतात.

मांडणी सोपी आहे. चित्राची १२ पानं बाजूला काढा. राजे पिसून पालथे ठेवा, त्यावर राण्या पिसून, त्यावर गुलाम पिसून. हा किल्ला. वरचं पान उलटायचं, तो पहिला शत्रू, म्हणजे आधी गुलाम, मग राण्या, शेवटी राजे. उरलेली एक्का ते दश्शी ४० पानं पिसून दुसरी गड्डी. मूळ खेळात तिला गुत्ता म्हणतात पण देवघराला लागून भिंत होती म्हणून आम्ही गड्डीच म्हटलं. तिघं असाल तर गड्डीत एक जोकर, प्रत्येकाला ६ पानं. चौघांना दोन जोकर आणि ५ पानं, दोघांना ७ आणि जोकर नाही. आणि हातात कधीच त्याहून जास्त पानं धरता येत नाहीत, हे लक्षात ठेवा, यावर आमचं एकदा भांडण झालं.

गुलामाचा जीव २०, मार १०. राणीचा जीव ३०, मार १५. राजाचा जीव ४०, मार २०. आपल्या पाळीला एक पान टाकायचं, त्यावर जेवढा आकडा तेवढा शत्रूचा जीव कमी होतो. तो मेला नाही तर तो आपल्याला मारतो, आणि मार खायचा म्हणजे हातातली पानं टाकून भरपाई करायची, आम्ही त्याला दंड म्हणायला लागलो. गुलामाचा दंड १०, तर हातातून १० किंवा जास्त किमतीची पानं फेकायची. दंड भरता आला नाही की खेळ खल्लास, सगळ्यांचा. आणि पाळी झाली की आपोआप नवीन पान मिळत नाही! इथे सगळे फसतात. पान मिळवायचं तर त्यासाठी वेगळं पान टाकावं लागतं.

म्हणजे रंगांची कामं. चौकट टाकलं की आकड्याएवढी पानं गड्डीतून ओढायची, टाकणाऱ्यापासून सुरू करून एकेक करत सगळ्यांनी, ज्याचा हात भरला त्याला सोडून. बदाम टाकलं की फेकलेली पानं पिसून आकड्याएवढी न बघता गड्डीच्या खाली सरकवायची. किलवरचा फटका दुप्पट. इस्पिक म्हणजे ढाल, आकड्याएवढा शत्रूचा मार कमी होतो आणि तो शत्रू मरेपर्यंत कमीच राहतो, पुढच्यांनी टाकलेली इस्पिकं त्यात मिळवत जायची. फक्त शत्रू ज्या रंगाचा, त्या रंगाचं काम त्याच्यावर चालत नाही. इस्पिक राणीपुढे ढाल नाही, किलवर गुलामापुढे दुप्पट नाही. आकड्याचा फटका मात्र बसतो.

मी एकदा हिशोब केला. एक्का १ धरला तर ४० पानांची सगळी बेरीज होते २२०. आणि बाराजणांचा मिळून जीव आहे ३६०. त्यात याच २२० मधून दंडही भरायचाय. म्हणजे किलवरची दुप्पट आणि बदामचं परत आणणं नसेल तर गणितच बसत नाही, नुसतं धोपटत सुटलात तर दुसऱ्या राणीपर्यंत हात रिकामे. आम्ही पहिल्या डावात तेच केलं.

पहिला शत्रू निघाला बदाम गुलाम. मी इस्पिक पंजी टाकली, जीव २० चा १५ झाला आणि मार १० चा ५. दंड ५, माझ्याकडे दुर्री-तिर्री होती, बरोब्बर भागलं. मामांनी रुबाबात चौकट अठ्ठी टाकली. आठ पानं येणार म्हणून खूश, पण त्यांच्या हातात पाच होती म्हणजे त्यांना एकच मिळालं, बहिणीचा हात पूर्ण भरलेला, मला तीन. अठ्ठी खर्च करून चार पानं हाती! वर त्यांना ५ चा दंड भरायला सुटे नव्हते, छक्की गेली. जादा गेलेला एक परत मिळत नाही, एसटीत कंडक्टर तिकिटामागे "सुटे नंतर देतो" लिहितो तसंच. यावरून एक शिकलो की दुर्री-तिर्री हातात ठेवायची, तेच सुटे पैसे.

मग बहिणीची पाळी. गुलामाचा जीव उरला ७. तिने इस्पिक सत्ती टाकली आणि विचारलं, "बरोब्बर शून्य झालं तर काही वेगळं असतं का?" असतं! बरोब्बर मारला तर तो गुलाम फेकलेल्या पानांत जात नाही, पालथा गड्डीच्या वर जातो, पुढे जो ओढेल त्याच्या हातात तो येतो आणि आपल्याकडून लढतो. गुलाम १०, राणी १५, राजा २०, फटक्यालाही आणि दंडालाही. इस्पिक राणी अशी फितूर करून घेतली तर एका पानात १५ ची ढाल. एक जास्त मारलात तर मात्र तो इतर पानांसारखा फेकला जातो. त्यामुळे सारखी वजाबाकी चालू असते, बहीण तर बोटांवर करते आणि आमच्यात तीच सगळ्यात बरी खेळते. शत्रू ज्याने मारला तो दंड भरत नाही आणि पुढच्या शत्रूवर पहिलं पानही तोच टाकतो.

जोड्यांचं थोडक्यात सांगतो. एकाच आकड्याची पानं एकत्र टाकता येतात पण बेरीज १० च्या वर नको, म्हणजे दोन पंज्या चालतात, तीन तिर्र्या चालतात, दोन छक्क्या नाही. एक्का कुठल्याही एका पानाला चिकटवता येतो, जोकर सोडून. आणि रंग दोन असले तर दोन्ही रंगांची कामं एकूण बेरजेने होतात, बदाम आणि चौकट एकत्र आले तर आधी बदामचं काम. म्हणजे किलवर नव्वी आणि इस्पिक एक्का टाकला तर फटका २० आणि ढाल १०! एक्का नुसता एक नाहीये हे कळायला मला चार डाव लागले. काही टाकायचंच नसेल तर पास म्हणून नुसता दंड भरता येतो, पण आधीच्या पाळीला बाकीचे सगळे पास झाले असतील तर तुम्हाला नाही.

आता मामा. मेंढीकोट ज्यांना माहितीय त्यांना सांगायला नको, दश्शी म्हणजे मेंढी, सगळा खेळ ती वाचवण्याचा आणि दुसऱ्याची मारण्याचा. पन्नास वर्षं ज्या माणसाने मेंढी छातीशी धरलीय त्याला दश्शी टाक म्हणणं म्हणजे काय! दुसऱ्या डावात इस्पिक राणी समोर होती, तिचे १० आधीच गेलेले, म्हणजे जीव उरला २०. मामांच्या हातात चार पानं, किलवर दश्शी, बदाम चव्वी, चौकट तिर्री, किलवर दुर्री. दश्शी टाकली असती तर दुप्पट २०, राणी बरोब्बर खलास, दंड नाही आणि वर राणी आपल्या गड्डीत. मामांनी चव्वी टाकली. "मेंढी राजासाठी ठेवलंय." पण राणीचा मार १५, इस्पिक असल्यामुळे ढाल नाही, आणि हातात उरलेलं दश्शी, तिर्री, दुर्री मिळून १५. सगळं दंडात गेलं. मामांचा हात रिकामा, मेंढी गेली ती गेली, आणि कोणी मारली पण नाही! ते पाच मिनिटं बोलले नाहीत.

(नंतर म्हणाले तुमच्या या खेळात बायकांना का मारायचं, आपल्या गंजिफ्यात राणीच नसते. हे मात्र खरंय, सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा रंग, प्रत्येकी १२ पानं, त्यात राजा आणि प्रधान एवढेच दोघं, बाकी दहा आकड्यांची. १२० गोल पानं पिसणार कोण हा प्रश्न वेगळा. आणि मारायचंच म्हणाल तर आपल्या कॅटमधला बदाम राजा नीट बघा, त्याने तलवार आधीच स्वतःच्या डोक्यात खुपसलीय, मिशी नसलेला तो एकटाच.)

एकट्याने खेळायचं तर ८ पानं, दोन्ही जोकर बाजूला. अडलात की एक जोकर उलटायचा, हातातलं सगळं फेकून नवीन आठ घ्यायची. मी परतीच्या प्रवासात बर्थवर बसून खेळून बघितलं, एक पान वाऱ्याने खालच्या काकांच्या डब्यात पडलं, तिथेच थांबवलं.

हातात काय आहे हे एकमेकांना सांगायचं नाही असा नियम आहे. आमच्याकडे हा नियम म्हणजे विनोद. मेंढीकोटात मामांच्या सगळ्या खुणा ठरलेल्या असतात, खाकरलं की इस्पिक, नाक खाजवलं की मोठं पान आहे. मी आणि मामा वर्षानुवर्षं भिडू, त्यामुळे मलाही त्या पाठ. बहीण म्हणाली बाबा, खाकरायचं नाही. ते म्हणाले, पावसाळा आहे.

तिसऱ्या रात्री आम्ही सगळ्यात लांब पोचलो, दोन राजे मेले आणि तिसरा निघाला चौकट राजा. माझ्या मते हाच सगळ्यात वाईट, कारण चौकट चालत नाही म्हणजे नवीन पान येणं बंद. ढाल लावून त्याचा मार २० चा ११ वर आणलेला, जीव ३१ उरलेला, माझ्या हातात तीन फुटकळ पानं. पण मामांकडे जोकर होता! जोकर टाकला की त्या शत्रूचं कवच जातं, त्याच्या रंगाची कामं पुढे त्याच्यावर चालायला लागतात, त्या पाळीला दंडही नाही, आणि पुढे कोणी खेळायचं हे टाकणारा ठरवतो. तेवढ्यापुरतं मला खेळायचंय किंवा नाही एवढं बोलायला नियमात परवानगी आहे. बहीण म्हणत होती, "मला द्या, बाबा, मला." तिच्याकडे चौकट नव्वी होती, टाकली असती तर ९ पानं आली असती. नेमका त्याच वेळी माझ्या नाकावर डास बसला.

मामांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली, आणि एकदम खात्रीने म्हणाले, "भाचो खेळतलो."

किलवर चव्वीला इस्पिक एक्का लावून टाकला, फटका १०, मार ११ चा ६. हातात उरली बदाम दुर्री. दंड ६.

बहिणीने चौकट नव्वी चटईवर आपटली आणि चहा टाकायला आत गेली. मामा अजून म्हणतात मी नाक खाजवायला नको होतं.