गाईंची हजेरी

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात मी ज्या फार्मवर काम करते, तिथे सेंद्रिय दुधाच्या गाईंची हजेरी लागते, आणि ती भरायचं काम माझ्याकडे आहे. अमेरिकेचा नियम असा की गाईने वर्षातले किमान १२० दिवस कुरणात चरलं पाहिजे, आणि चराईच्या हंगामात तिच्या एकूण खाण्यातला, पाण्याचा अंश सोडून धरला तर, किमान ३० टक्के वाटा तिने स्वतः चरून मिळवलेला पाहिजे. नुसतं चरून भागत नाही, ते कागदावर दिसावं लागतं. कुठल्या तारखेला कळप कुरणाच्या कुठल्या तुकड्यात होता, गोठ्यात खुराक किती घातला, सुकं गवत किती टाकलं, सगळं लिहायचं, गाईला एकूण लागणाऱ्या खाण्यातून ते वजा करायचं आणि उरलेलं गाईने बाहेर खाल्लं असं धरायचं.

परवा वार्षिक तपासणी झाली. तपासनीस बाई गाई बघायला जेमतेम दहा मिनिटं थांबल्या आणि माझ्या वह्यांपाशी अख्खी दुपार. जुलैतल्या एका आठवड्यात पावसामुळे गाई आत ठेवल्या होत्या, त्या नोंदीवर बोट ठेवून म्हणाल्या, “किती पाऊस होता?” ठाण्याच्या नौपाड्यात वाढलेल्या मुलीला हा प्रश्न! व्हरमाँटमध्ये ज्याला मुसळधार म्हणतात त्यात आपल्याकडे लोक तलावपाळीला भेळ खायला निघतात. पण मी गप्प बसून पर्जन्यमापकाचे आकडे दाखवले. ठाण्यात सीएकडे काढलेली वर्षं अशी कुरणात उपयोगी पडतील असं कोणाला वाटलं होतं? सासूबाई अजूनही शेजारणींना “सून फार्मवर अकाउंट्स बघते” असंच सांगतात. शेण हा शब्द त्या टाळतात. मला त्याचं काही वाटत नाही. एअर कंडिशन्ड ऑफिसात दुसऱ्याचा जीएसटी भरण्यापेक्षा हे वाईट नाही, एवढंच म्हणते.

आणि खरं सांगायचं तर ह्याच कटकटीच्या वहीने कुरणाचा रोग दाखवला. ओढ्याकाठच्या तुकड्यात गाई गेल्या की गोठ्यातलं सुकं गवत जास्त संपायचं. दर वेळी. लांबून बघाल तर तो तुकडाही हिरवागारच. जवळ गेलं की गवत विरळ, मध्ये मोकळी माती, पिवळी बटरकपची फुलं (गाई त्यांना तोंड लावत नाहीत) आणि शेवाळ.

मालकांनी ही जमीन घेण्याआधी तिथलं गवत वर्षानुवर्षं कापून, गठ्ठे बांधून विकलं जात होतं. एक टन सुक्या गवताबरोबर साधारण २० ते २५ किलो पालाश (पोटॅश, झाडाचं एक मुख्य अन्न) जमिनीतून निघून जातं. गाय तिथेच चरली तर त्यातलं बहुतेक सगळं शेणमुतातून परत पडतं. ट्रकमध्ये चढलेलं गवत काही परत येत नाही. मालकांकडून हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर वाडा, शहापूर, मुरबाड आलं. आपल्या जुन्या, अखंड ठाणे जिल्ह्याने मुंबईच्या तबेल्यांना किती गवत पुरवलं! डोंगरातलं गवत मुंबईला आणि शेण मुंबईच्या गटारात. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला वारली आदिवासींवर गोळीबार झाला, तेव्हाचा संप गवतकापणीच्या मजुरीसाठीच होता. मजुरीचा हिशोब निदान कोणीतरी रक्त सांडून मागितला. जमिनीचा कोणीच मागितला नाही.

शहापूरला मामाची भातशेती आहे, थोडा वरकस, म्हणजे हलक्या जमिनीचा माळही आहे. त्याला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, “अगं, मग युरियाची एक गोणी मारा की! पंचेचाळीस किलोत काळंभोर होईल.” होईलही. पण इथे युरिया टाकला की ती जमीन पुढची तीन वर्षं सेंद्रिय धरत नाहीत. मग युरियातून मिळतं ते नत्र (नायट्रोजन) आणायचं कुठून? हवेतून. द्विदलाच्या मुळांवरच्या गाठीतले जिवाणू ते काम फुकट करतात, फक्त माती फार आंबट असली तर अडून बसतात. म्हणून आधी माती तपासली, मग चुना आणि लाकडाची राख पसरली. राखेत पालाशही असतं, त्यामुळे दोन कामं झाली. चुन्याचा गुण यायला महिने लागतात. गेल्या हिवाळ्यात गाईंना सुकं गवतही गोठ्याऐवजी त्याच तुकड्यावर अंथरून घातलं, म्हणजे बाहेरून विकत आणलेल्या गवताचं खत तिथेच पडलं. इतकी वर्षं गेलेलं थोडं थोडं उलटं आणायचं.

पेरणीची पद्धत मला सगळ्यात आवडली. लाल क्लोव्हर, म्हणजे आपल्या बरसीम ह्या द्विदल चाऱ्याची बहीण, तिचं बी मार्चमध्ये एकरी साधारण तीन किलो नुसतं फेकून द्यायचं. नांगर नाही, कुळव नाही. रात्री माती गोठून फुगते, दुपारी वितळून बसते, आणि त्या फटींतून बी आपोआप आत जातं. थंडीकडून पेरणी करून घेणं! हे मात्र आपल्याला जमणार नाही, ठाण्याच्या थंडीत स्वेटरसुद्धा धड निघत नाही.

मात्र ह्या सगळ्यापेक्षा मोठा इलाज म्हणजे गाईला वेळेवर त्या तुकड्यातून बाहेर काढणं. गवत वीतभर झालं की सोडायचं, चार बोटं उरलं की कुंपणाची विजेची तार सरकवून पुढच्या तुकड्यात. मागचा तुकडा वसंतात पंधरावीस दिवस आणि उन्हाळ्यात महिना-सव्वा महिना बंद. आंद्रे व्वाझँ नावाच्या फ्रेंच शेतकरी-शास्त्रज्ञाने गेल्या शतकात हे मांडलं: कुरण गाईंच्या संख्येने मरत नाही, गाय तिथे किती दिवस राहते आणि किती लवकर परतते त्याने मरतं. फुटलेली कोवळी पात लगेच पुन्हा खाल्ली की मुळांना साठा करायला वेळच मिळत नाही. मालक हे अगदी भक्तिभावाने सांगतात. मी त्यांना हिवरे बाजारची चराईबंदी सांगितली, जरा जोरातच. आमच्या गावांनी हे केलंय, तेही विजेच्या तारेशिवाय, ग्रामसभेत हात वर करून! ते म्हणाले, मग सगळीकडे का नाही करत? आता इथे शंभर एकर एका माणसाच्या नावावर आणि आमचं गायरान सगळ्या गावाचं, म्हणजे कोणाचंच नाही. त्यात अर्ध्यावर अतिक्रमण. हे त्यांना कसं समजावणार? मी म्हटलं, लोकसंख्या. असल्या प्रश्नांना हे उत्तर चालून जातं.

मामाने मात्र काल स्वतःहून फोन केला. क्लोव्हर शहापूरला येईल का? म्हटलं, नाही रे, ते थंडीचं पीक. तू स्टायलो हा द्विदल चारा बघ, आंबट आणि हलक्या जमिनीत तग धरतं, मुळांना गाठीही धरतात, पावसाच्या तोंडावर गवतात टाकता येतं. बियाण्याचं दापोलीच्या कृषी विद्यापीठात विचार. फक्त पहिल्या पावसाळ्यात गुरं आत येऊ द्यायची नाहीत.

“ते कळलं,” मामा म्हणाला. “पण गावातली गुरं हाकलायला माळावर बसणार कोण? तू येतेस?”