एकटाच काय खेळतोस?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लग्नाच्या पंगतीत विचारलंत, ऑफिसच्या कँटीनमध्ये विचारलंत, मागच्या रविवारी वर्तकनगर नाक्यावर हातात मेथीची जुडी धरून विचारलंत: "अजून गेम खेळतोस? आणि तेही एकट्यानेच? सगळं जग ऑनलाइन खेळतं, तू एकटाच काय खेळतोस?" रस्त्यात उभ्या उभ्या याला उत्तर नसतं. मी "टाइमपास" म्हणून सुटका करून घेतो. पण चाळिशी जवळ आली, आता एकदा नीट बोलू.

वयाचं आधी उरकून टाकतो. रात्री उशिरापर्यंत आयपीएल बघणाऱ्याला कुणी वय विचारत नाही. झालं.

आता 'एकटाच'चं. एकट्याने खेळायच्या गेमचा सगळ्यात मोठा गुण ग्राफिक्स नाही, कथाही नाही. तो थांबतो. कुकरची शिट्टी झाली, बेल वाजली, आईने हाक मारली की बटण दाबायचं, आणि आतलं सगळं जग आहे तिथे उभं राहतं. ऑनलाइन गेम कुणासाठी थांबत नाही. तिथे तुम्ही उठलात की बाकीचे तिघे मरतात आणि मग तुमचा उद्धार होतो. ('डार्क सोल्स' एकट्याने खेळला तरी पॉज होत नाही, हे मला माहीत आहे. म्हणूनच तो मी अर्धवट टाकला. त्याचे भक्त रागावतील, रागावू देत.)

पूर्वी मी याचं फार मोठं तत्त्वज्ञान करायचो. २०१५ साली 'द विचर ३' आला. त्यातला तो दारुडा सरदार, त्याच्या मारहाणीला कंटाळून घर सोडून गेलेली बायको-मुलगी, आणि तरी त्याची कीव येणं. तो भाग खेळून मी इतका भारावलो की दिसेल त्याला सांगत सुटलो, हे साहित्य आहे, तुमच्या गोळीबाराच्या मॅचेस म्हणजे नुसता पत्त्यांचा अड्डा. "एकट्याने खेळणं म्हणजे एकटेपणा नव्हे" असंही एक वाक्य टाळीसाठी तयार ठेवलं होतं. तेव्हाच्या त्या माझ्यातल्या मुलाशी आज माझं फारसं पटत नाही. कधीकधी तो शुद्ध एकटेपणाच असतो. आणि पत्त्यांच्या अड्ड्यावरही माणसं एकमेकांची काळजी घेतात. निदान घ्यायला हवी.

'हवी' असं का म्हणालो ते सांगतो, कारण तुम्ही सोयीस्करपणे विसरता की २०१९च्या पावसाळ्यापर्यंत शुक्रवारी रात्री पबजीच्या चौकडीतला चौथा मीच होतो. खोकला बरेच दिवस होता. घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम, धूळच धूळ, सगळेच खोकत होते. शनिवार-रविवार मी 'रेड डेड रिडेम्प्शन २' लावायचो, सेकंडहँड घेतलेला, दोन डिस्कचा. १८९९ सालची अमेरिका, दरोडेखोरांची टोळी, आणि त्या टोळीतला आर्थर मॉर्गन म्हणजे आपण. सुरुवातीच्या भागात सावकारी वसुलीचं एक मिशन आहे. थॉमस डाउन्स नावाचा फाटका शेतकरी, कर्ज फेडू शकत नाही. आर्थर त्याला कुंपणाशी धरून बडवतो. म्हणजे बटण आपण दाबतो. डाउन्स खोकतो आणि रक्ताचे शिंतोडे आर्थरच्या तोंडावर उडतात. मी तिकडे लक्षही दिलं नाही. वसुली झाली नाही याचंच वाईट वाटलं.

मग माझी थुंकी तपासली. टीबी.

डॉक्टर शांत होते. सहा महिने गोळ्या, बरा होशील, सुरुवातीला मास्क लाव आणि वेगळ्या खोलीत झोप. तेव्हा मास्क लावलेला माणूस रस्त्यात वेगळा दिसायचा. गोळ्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रातून मिळायच्या. किती घ्यायच्या हे वजनावर ठरायचं. रिफॅम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते, हे आधी सांगितलं असूनही पहिल्या दिवशी मी दचकलो. टीबीच्या रुग्णांसाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिन्याला ५०० रुपये मिळायचे, त्यांची आई अंडी आणायची. आमचं वन-बीएचके. मी आतल्या खोलीत, माझा वेळ जावा म्हणून टीव्हीही आत, त्यामुळे आईच्या मालिका बंद. मग ती दाराबाहेर स्टूल टाकून, नाकाला पदर लावून, मालिकेऐवजी आर्थरला बघायला लागली. बंदुकांशी तिला देणंघेणं नव्हतं. "घोड्याला घाल काहीतरी खायला," एवढंच.

आणि एका संध्याकाळी सेंट डेनिस शहरात आर्थर खोकत खोकत रस्त्यात कोसळला. डॉक्टरने तपासलं आणि सांगितलं, क्षय.

हे मी रचून सांगतोय असं वाटेल. वाटू दे. गेम येऊन वर्ष होत आलं होतं, जगाला शेवट ठाऊक होता. मला नव्हता, कारण मी तो कुणाला सांगू दिला नव्हता. मी पॉज केलं. आई म्हणाली, "काय झालं याला?"

"मला झालंय तेच."

"मग गोळ्या देत नाहीत?"

गोळ्या नव्हत्याच. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू १८८२ साली दाखवून दिला, पण त्याला मारणारं स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ साल उजाडलं. मधली साठ वर्षं डॉक्टर रोगाचं नाव अचूक सांगायचा आणि मग हवापालट करा म्हणायचा. आर्थर नेमका त्या फटीत सापडलेला. आईला मी म्हटलं, "देतात की."

पुढे कित्येक आठवडे मी कथा पुढे नेलीच नाही. या गेममध्ये आजार तारखेने वाढत नाही, कथेने वाढतो. तुम्ही पुढचं मिशन घेतलं नाहीत तर आर्थर खोकत का होईना, जगतो. मी मिशन घेतलं नाही. मासे पकडले, हरणं मारली, घोड्याला खरारा केला, डोंगरावर तंबू ठोकला. त्याला सारखं खायला घातलं. पण त्या टप्प्यावर तो खंगलेलाच राहतो, काहीही चारा, वजन चढत नाही. इकडे आई मला चारत होती आणि आरोग्य केंद्रातल्या काट्यावर माझा आकडा वर सरकत होता. मला त्याची लाज वाटायची. पडद्यावरच्या एका चित्रासमोर लाज! लिहिताना हसू येतंय, पण वाटायची.

याच दिवसांत मी चौकडीला सांगितलं. "माइकवरून लागत नाही ना?" तुमच्यापैकी एकाने विचारलं. सगळे हसले. मीही हसलो, खोकला येईपर्यंत. त्या रात्री मला मध्येच उठावं लागलं आणि आपण हरलो. पुढच्या शुक्रवारी चौथा दुसराच कुणी होता. भांडण झालं नाही, कुणी वाईट बोललं नाही, नुसतं बोलावलं नाही. तुम्ही म्हणाल, तू फोन करायचास. तुम्ही करायचात. बरा झाल्यावर एकाच्या घरी गेलो, तर सगळ्यांना काचेच्या ग्लासात सरबत आणि मला कागदी. मी दोष देत नाही. देतो, थोडासा. माणसं घाबरतात, तुमच्या जागी मीही घाबरलो असतो. पण "एकटाच काय खेळतोस" हे तुम्हीच विचारता तेव्हा हसावं की काय करावं, कळत नाही.

गोळ्या संपत आल्या तेव्हा मी मिशनं घेतली. शेवटाकडे रेल्वे स्टेशनच्या बाकावर आर्थर एका ओळखीच्या ननशेजारी बसतो आणि सांगतो की मला भीती वाटते. एवढा आडदांड दरोडेखोर. उपचार चालू होते तेवढ्या काळात मी हे वाक्य कुणाला म्हटलं नव्हतं, आणि त्याच्या तोंडून ऐकल्यावरही म्हटलं नाही. शेवटचं मिशन रात्री खेळलो, हेडफोन लावून, कारण त्यात घोडाही मरतो. सकाळी आईने विचारलं, "कसा आहे तुझा तो?"

"गावी गेला."

"आणि घोडा?"

"घोड्यावरूनच गेला."

गेमने मला बरं केलं नाही, हे ठणकावून सांगतो. गोळ्यांनी केलं. पण माझ्या जुन्या तत्त्वज्ञानाला तिथे एक भोक पडलं, ते अजून बुजलेलं नाही. मी छातीठोकपणे सांगायचो की सिनेमात आपण बघतो, गेममध्ये निर्णय आपला असतो. डाउन्सला न मारायचा पर्याय हा गेम देतच नाही. त्याला बडवल्याशिवाय कथा पुढे जात नाही. मग त्यात माझं काय होतं? आणि माझं काहीच नव्हतं, तर इतक्या वर्षांनी ते बटण का आठवतं? मल्टिप्लेअरमध्ये मी शेकडो लोकांना गोळ्या घातल्या असतील, त्यातला एकही आठवत नाही. हा गेमचा मोठेपणा की माझ्या आजाराचा परिणाम, हे मला सांगता येणार नाही.

सगळे एकट्याचे गेम असे नसतात. बरेचसे म्हणजे मोठा नकाशा आणि त्यावर शे-दीडशे खुणा, एकेक पुसत बसा. 'असॅसिन्स क्रीड वल्हाला' मी असाच कंटाळून सोडला. उलट लुकास पोपचा 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' घ्या. १८०७ साल, ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज, साठ माणसं, आणि तुम्ही विमा निरीक्षक: कोण कसा मेला ते शोधायचं. मी पोटासाठी विम्याचे क्लेम तपासतो, आणि घरी येऊन हौसेने पुन्हा क्लेमच तपासले. त्यात दोन भारतीय खलाशी आजाराने मरतात. लढाई नाही, राक्षस नाही, नुसता आजार. त्यांची नावं लावताना मी जरा जास्तच वेळ घेतला.

पबजीवर २०२० साली बंदी आली, तुम्ही दुसरं काहीतरी शोधलंत, शुक्रवार चालूच राहिला. परवा एक जण कमी पडला म्हणून मला बोलावलंत. आलो. मजा आली, हेही लिहायला हवं. मध्येच तुमच्यापैकी एक जण बराच वेळ खोकत होता. मी विचारलं, किती दिवस झाले? तर म्हणे हवा बदललीये, तू समोर बघ, गाडी येतेय. दोन आठवड्यांच्या वर गेला असेल तर थुंकी तपासून घे बाबा. एवढं विचारायला मी येत्या शुक्रवारीही येईन. शनिवार-रविवार मात्र माझे.