२९ मिनिटं ५९ सेकंद

मे २०१९. कराडजवळचं एक मंगल कार्यालय, मुहूर्त दुपारी १२ वाजून ३६ मिनिटांचा. त्या लग्नाचे फोटो मी काढले. अल्बम पोहोचवून झाला, हिशेब मिटला, त्या नवरा-नवरीचा मुलगा आता शाळेत जातो. मला मात्र ते लग्न अजून सोडत नाही. गेल्या महिन्यात त्याच घरातून पुन्हा फोन आला, म्हणून लिहायला बसलो.

बुकिंगला नवरीचा भाऊ आणि त्याचा एक मित्र आले होते. बुकिंगला बहुतेक वेळा असे दोन-तीन तरुणच येतात, मोबाइलमध्ये कुणाच्या तरी लग्नाची रील घेऊन. मी कागदावर मांडून दिलं. ट्रॅडिशनल फोटोला एक माणूस, कॅन्डिडला, म्हणजे नकळत टिपायच्या फोटोंना, एक, व्हिडिओला दोन, शिवाय ड्रोन, प्री-वेडिंग आणि चाळीस शीटचा अल्बम. बेरीज ८५ हजार झाली. त्यांना ते ६० हजारांत बसवायचं होतं. वडील एसटीतून निवृत्त झालेले चालक, त्यामुळे घासाघीस करणं त्यांना भाग होतं आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती काय कापलं याची. ड्रोन ठेवला. मेणवलीच्या घाटावरचं प्री-वेडिंग ठेवलं. कापली ती माणसं. कॅन्डिडवाला गेला, व्हिडिओचे दोघेही गेले. "व्हिडिओ ट्रायपॉडवर लावा की, तुम्ही आहातच," असं ठरलं. लग्नसराई होती, तारीख रिकामी होती, आणि मी हो म्हणालो.

ड्रोनचे तुकडे पूर्ण फिल्ममध्ये मिनिटभरसुद्धा लागत नाहीत. कार्यालयाचं पत्र्याचं छत आणि पार्किंगमधल्या गाड्या वरून बघून घेतल्या की काम संपलं. पण मुहूर्ताला एक माणूस कमी पडला, तर ती जागा कुठल्याच यंत्रानं भरत नाही. हे मी बुकिंगला सांगतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हा बिल वाढवतोय.

अंतरपाट दूर होतो तो क्षण दोन-तीन सेकंदांचा असतो. त्यासाठी माझी तयारी अर्धा तास आधी सुरू होते. गुरुजींना आधीच विचारून ठेवतो, अंतरपाट कोणत्या बाजूला ओढणार? त्याच्या उलट बाजूला, कापडाच्या अगदी रेषेत उभं राहायचं, म्हणजे कापड सरकताच दोघांचे चेहरे एकाच चौकटीत येतात. मागे मामा असतात, करवली असते, त्यांच्या खांद्यांमधून जागा राखायची. फोकस आधीच धरून कुलूप लावायचं, कारण अक्षता उडाल्या की ऑटोफोकस लेन्ससमोरच्या तांदळाच्या दाण्यावर उडी मारतो आणि नवरी धूसर होते. नवशिक्यांचे कितीतरी मुहूर्त असे तांदळात गेलेले मी पाहिलेत. फ्लॅश छताकडे वळवायचा, पण छताला भगवं-गुलाबी कापड ताणलेलं असेल तर तो रंग चेहऱ्यावर उतरतो. मग लाइट धरणाऱ्या मुलाला समोरून उभं करावं लागतं. त्या दिवशी तो मुलगा लाइटला बांधलेला होता. ड्रोनवाला वरातीपुरता आला, दोन बॅटऱ्या उडवल्या आणि पुढच्या लग्नाला निघून गेला.

व्हिडिओचा कॅमेरा मी स्टेजसमोर, डाव्या हाताला ट्रायपॉडवर लावला. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर, म्हणजे ट्यूबलाइटचे पट्टे चित्रात धावत नाहीत. आवाजासाठी साउंडवाल्याच्या मिक्सरला माझा छोटा रेकॉर्डर जोडला. हे सगळं नीट झालं होतं.

आता त्या कॅमेऱ्याची एक गोष्ट सांगायला हवी, कारण धंद्याबाहेरच्या कुणाला ती सहसा ठाऊक नसते. त्या काळातले फोटोचे बरेचसे कॅमेरे सलग २९ मिनिटं ५९ सेकंदच व्हिडिओ घ्यायचे. युरोपात अर्धा तास किंवा त्याहून जास्त सलग रेकॉर्ड करणारा कॅमेरा व्हिडिओ कॅमेरा धरला जायचा आणि त्यावर वेगळी जकात लागायची. ती टाळायला कंपन्यांनी एक सेकंद आधीच कुलूप घातलं. त्या कुलपाला कराडचं लग्न माहीत नव्हतं. मला मात्र ते पक्कं माहीत होतं. म्हणून वीस-पंचवीस मिनिटांनी कॅमेऱ्यापाशी जायचं, बटण दोनदा दाबायचं, एकदा बंद आणि एकदा चालू. आम्ही त्याला कट मारणं म्हणतो. दोन सेकंदांचं काम आहे. व्हिडिओचा माणूस असला की ते त्याच्या हातून आपोआप होतं.

बारा वाजायच्या सुमारास नवरीची आई मला शोधत स्टेजपाशी आली. तोपर्यंत मी तिला फक्त ओट्या भरताना, कुणाला चहा मिळाला का ते विचारताना, किल्ल्या शोधताना पाहिलं होतं. म्हणाली, "भाऊ, आमच्यात आईनं लेकीच्या अक्षता बघायच्या नसतात. मी तिकडं तुळशीपाशी असणार. तुम्ही काढाल तेवढंच माझं बघणं. नीट घ्या."

बऱ्याच मराठी घरांत ही रीत आहे. मंगलाष्टकं चालू असताना वधूची आई तुळशीला पाणी घालते, नाहीतर आतल्या खोलीत बसून राहते. शेकड्यानं लग्नं केलेला मी, मला ही रीत ठाऊक होती. पण माझी फिल्म नेमकी कुणासाठी आहे, हे त्या दिवसापर्यंत मला कुणी असं तोंडावर सांगितलं नव्हतं. बुकिंगच्या वेळी ही बाई खोलीत नव्हती. व्हिडिओचे दोघे कापताना तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

१२ वाजून ४ मिनिटांनी मामा नवरीला घेऊन निघाले आणि मी ट्रायपॉडवरचं बटण दाबलं. पुढचा कट साडेबाराच्या आधी कधीतरी मारायचा, हे डोक्यात होतं. नवरदेव वरातीतच अडकला होता. तो स्टेजवर पोहोचला आणि तेवढ्यात तालुक्यातले एक पुढारी आले. नवरदेवाच्या काकांनी माझा दंडच धरला आणि मला दारापर्यंत नेलं. फेटा, शाल, नारळ, मग सोबत आलेल्या प्रत्येकाला फेटा, मग माइकवर शुभेच्छा. मुहूर्त जवळ आलेला असताना गुरुजी, नवरा-नवरी आणि चारशे माणसं एका सत्काराची वाट बघत उभी राहतात, हे आमच्या भागात कुणालाच खटकत नाही. मला खटकतं. त्या सत्काराचे मी चौदा फोटो काढले. अल्बममध्ये त्यातला एकही घेतला गेला नाही.

मी परत फिरलो तेव्हा १२ वाजून ३१ मिनिटं झाली होती. आत्या-मावश्यांची मंगलाष्टकं रंगात आली होती. मी माझ्या जागेकडे धावलो, आणि जाताना ट्रायपॉडकडे पाहिलं. लाल ठिपका पेटलेला होता. चालू आहे, एवढं बघून मी पुढे गेलो. चालू आहे हे खरंच होतं. कधीपासून चालू आहे याचा हिशेब मी केला नाही. माझ्यापासून तो कॅमेरा तीन पावलांवर होता.

"तदेव लग्नं" झालं, अंतरपाट सरकला, वाजंत्री सुरू झाली. मी तेवीस फोटो घेतले. एकही हललेला नाही, एकही तांदळात गेलेला नाही. नवरीनं मान वर उचलली तो सातवा. माझ्या हातून झालेल्या चांगल्या कामांत मी तो आजही धरतो.

रात्री दुकानात येऊन कार्ड उतरवताना कळलं. एकच लांब क्लिप होती, बरोबर २९ मिनिटं ५९ सेकंदांची. तिच्या शेवटी अंतरपाट अजून धरलेला आहे आणि कापडाच्या कडेनं मुंडावळ्यांची टोकं तेवढी दिसतात. मुहूर्त त्यानंतर दोन मिनिटांनी झाला. दुसऱ्या कार्डात बघितलं, पुन्हा पहिलं बघितलं, हरवलेल्या फायली शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं. जे रेकॉर्डच झालेलं नाही ते त्यातून कुठून येणार?

त्यांना सांगायला मी आठ दिवस लावले. त्या आठ दिवसांत नवरीच्या भावाला नातेवाइकांच्या ग्रुपवरून मोबाइलचे व्हिडिओ मागवायला सांगितले, "फिल्ममध्ये घालायला" असं कारण देऊन. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. अकरा क्लिप आल्या. दहांमध्ये अंतरपाटाच्या जागी दुसऱ्यांचे मोबाइल आहेत. हा अनुभव आता प्रत्येक लग्नात येतो. मुहूर्ताला सगळे हात वर असतात आणि मागच्याला पुढच्याची स्क्रीन दिसते. अकरावी क्लिप खुर्चीवर चढलेल्या कुण्या मित्राची होती, उभी, नऊ सेकंदांची. तिच्यात कापड सरकताना दिसतं, नवरी खाली बघत असते, आणि ती मान उचलणार तेवढ्यात कुणाचा तरी हात आडवा येतो.

माझ्याकडे आवाज मात्र पूर्ण होता. मिक्सरला जोडलेला रेकॉर्डर थांबला नव्हता. मंगलाष्टकं, गुरुजींचं सावधान, टाळ्या, सनई, सगळं स्वच्छ. त्या आवाजावर मी तेवीस फोटो लावले, त्यांची लय वाजंत्रीशी जुळवली. दोन रात्री बसलो. मला वाटलं, व्हिडिओ नाही तरी मुहूर्त उभा राहिला.

तो घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि आधी सगळं सांगितलं. भाऊ चिडला, ते बरोबरच होतं. व्हिडिओचे १२ हजार मी पाकिटात घालून नेले होते, ते ठेवले. वडील म्हणाले, "गाडीसुद्धा घाटातच बंद पडते." ते मला सावरून घेत होते.

आईनं लॅपटॉपवर माझं काम शेवटपर्यंत बघितलं. सनई थांबली तेव्हा म्हणाली, "हे ऐकलंय मी, भाऊ. तुळशीपाशी सगळं ऐकू येत होतं. बघायचं राहिलं होतं."

मग मी नऊ सेकंदांची ती क्लिप लावून दिली. फोन डोळ्यांजवळ धरून तिनं ती चार-पाच वेळा बघितली. हात आडवा येतो तिथं प्रत्येक वेळी तिची मान किंचित बाजूला व्हायची, हाताच्या पलीकडचं दिसेल म्हणून.

त्यानंतर मी एकट्यानं लग्न घेत नाही. व्हिडिओला माणूस नको असेल तर तारीख नको म्हणतो, आणि त्यापायी दर सराईला दोन-चार कामं जातात. दोन कॅमेरे लावतो, दोन्हींची सुरुवात दहा मिनिटांच्या अंतरानं करतो. आताच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना ते कुलूप उरलेलं नाही, तरी करतो. बुकिंगला विचारतो, मुहूर्ताला समोर कोण नसणार? पोरं एकमेकांकडे बघतात, मग एखादा आईला फोन लावतो.

गेल्या महिन्यात फोन आला तो त्याच भावाचा. त्याचं लग्न ठरलंय. पूर्वीचा विषय त्यानं काढला नाही, कोटेशन मागितलं. मी म्हणालो, येताना आईला घेऊन या.

ती आली. मुलाचं लग्न, म्हणजे या वेळी तिला समोर उभं राहून अक्षता टाकता येणार आहेत. मी कागदावर स्टेज काढून दाखवत होतो, व्हिडिओची दोन माणसं कुठं असतील, मी कुठं असेन. भाऊ पैशांचं विचारत होता. तिनं कागद स्वतःकडे ओढून घेतला, जरा वेळ बघितला आणि विचारलं, "मी कुठं उभी राहू, म्हणजे तुमच्या आड येणार नाही?"