एव्हरेस्ट बेस कॅम्प, परतीला हेलिकॉप्टर आणि गोरक्षेपचा ताणकाटा

बेस कॅम्पच्या वाटेवरच्या शेवटच्या मुक्कामाला, गोरक्षेपला, सकाळी सव्वासहा वाजता, उणे अकरा तापमानात, एका माणसाने माझी डफल बॅग ताणकाट्याला लटकवली. आपल्याकडे रद्दीवाला खांद्यावर टाकून फिरतो तोच काटा. थरथरत तो अकरा किलो चारशेवर थांबला. "दिदी, दस किलो मात्र," तो माणूस म्हणाला, म्हणजे दहाच किलो. मग गाईडने हळूच सांगितलं की शटलचे, म्हणजे हेलिकॉप्टरच्या जादा खेपेचे, १२० डॉलर वेगळे पडतील. माणशी. रोख. आत्ता.

इंदूरमध्ये पैसे भरले तेव्हा कागदावर एकच ओळ होती: 'परतीचा प्रवास गोरक्षेप ते काठमांडू, हेलिकॉप्टरने.' त्या ओळीच्या पोटात काय काय दडलेलं असतं ते मला तिथे, त्या काट्यासमोर कळलं. तुम्हाला घरबसल्या कळावं म्हणून हे लिहिते आहे. परत येऊन पाच दिवस झालेत, खोकला गेलेला नाही, डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं आहे. सूर चिडका लागला तर समजून घ्या.

आम्ही तिघं होतो. मी, वय ४९. माझा भाचा, वय २६. आणि इंदूरजवळच्या रालामंडल टेकडीवरच्या सकाळच्या गटातले काका, वय ६२, तिघांत सगळ्यात दमदार. पाच महिने आठ किलोची सॅक घेऊन रालामंडल चढलो, रविवारी जानापाव. इंदूर साडेपाचशे मीटरवर आणि जानापाव साडेआठशेच्या आसपास, तेव्हा या सरावाने पाय तयार होतात, फुफ्फुसांना काही कळत नाही. तरी तेवढी तयारी तुमची आहे असं धरूनच पुढचं लिहिते. नसेल तर आधी ती करा, तिकीट नंतर काढा.

कागदपत्रांचं एक सांगून टाकते. विमानाने नेपाळला जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधार चालत नाही. काका आधार घेऊनच निघणार होते. पैशांचा दर पक्का असतो, आपले १०० म्हणजे नेपाळी १६०, आणि आपल्या रुपयाला तिकडे 'आयसी' म्हणतात. सागरमाथा राष्ट्रीय उद्यानाचा परवाना काढताना आपण सार्क देशाचे आहोत हे ठासून सांगा. बाकी परदेशी लोकांना ३,००० नेपाळी पडतात, आपल्याला १,५००, वर कर.

आता पहिलं हेलिकॉप्टर. हो, दोन होती, आणि पहिलं आमच्या कार्यक्रमात नव्हतंच. एप्रिल-मेच्या गर्दीत, चालणं जिथून सुरू होतं त्या लुक्लाची बरीचशी विमानं काठमांडूहून न सुटता रामेछापच्या मंथली विमानतळावरून सुटतात. हे एजन्सीने सांगितलं होतं. मंथलीला पोचायला रात्री दीडला निघून पाच तास घाटातून गचके खात जावं लागतं, हे सांगितलं नव्हतं. पोचलो तर लुक्ला ढगांमुळे बंद. लुक्लाची धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर, तीही बारा टक्क्यांच्या चढावर, समोर डोंगर. पायलटला ती दिसलीच पाहिजे. त्यामुळे विमान उडालं नाही यावर मी कुणाशी भांडणार नाही. दिवसभर शेडमध्ये बसलो, रात्र तिथेच काढली, दुसऱ्या दिवशी दहा वाजता पुन्हा तेच. मग फोन आला, "हेली लावू का? माणशी १५० डॉलर वर." आजूबाजूचे सगळे गट हेच करत होते. आम्हीही केलं, कारण कार्यक्रमात एकही दिवस राखीव नव्हता. ही चूक माझी. दोन दिवस हातचे ठेवा. ठेवले नाहीत तर ते दिवस तुम्हाला डॉलरमध्ये विकत घ्यावे लागतात.

लुक्ला ते दिंगबोचे सहा दिवस मजेत गेले. नामचेला दोन रात्री, दिंगबोचेला दोन रात्री, तीन हजारांच्या वर झोपायची उंची दिवसाला पाचशे मीटरपेक्षा फार वाढवायची नाही, हे सगळं गाईडने नीट सांभाळलं. माणूस चांगला होता हेही लिहिते, कारण पुढे त्याची तक्रार येणार आहे. नेपाळीत थोरल्या भावाला दाइ म्हणतात. पहिले दोन दिवस माझी जीभ वळेना, कारण आपल्याकडे दाई म्हणजे सुईण. शेवटी काकांनी त्याला आपल्या इंदुरी पद्धतीने 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणायला सुरुवात केली. त्याला ते इतकं आवडलं की तो आमच्या पोर्टरलाही भिया म्हणू लागला.

जेवण महाग होत जातं. जसजसं वर जाल तसतसा चहा, दालभात, गरम पाणी, मोबाईलचं चार्जिंग, सगळ्याचे भाव चढतात. याला लूट म्हणू नका. तो गॅसचा सिलिंडर कुणाच्या तरी पाठीवरून वर आलेला असतो, तुम्ही वाटेत त्याला ओलांडून गेलेले असता. घरून एकच वस्तू नेली ती फळली, जीरावनची, म्हणजे इंदुरी पोह्यांवरच्या मसाल्याची डबी. दिंगबोचेला संध्याकाळी उकडलेले बटाटे यायचे, वाटाण्याहून थोडे मोठे, सालासकट, वाफ निघणारे. साल नखाने सोलायचं, जीरावन टाकायचं. शेजारच्या टेबलावरच्या दोन जर्मन मुली दुसऱ्या दिवशी स्वतःहून ताटली पुढे करू लागल्या. शेवही नेली होती, तिचा नामचेपर्यंत चुरा झाला.

आणि मग लोबुचे. ४,९०० मीटरच्या वर झोपायचं, म्हणजे कुणाचं ना कुणाचं डोकं धरणारच. काकांचं धरलं. पॅरासिटामोल, लिटरभर गरम पाणी, आडवे पडले. तासाभराने गाईड जवळ येऊन बसला. म्हणाला, "दिदी, काकांचा विमा आहे ना? मग कशाला त्रास? उद्या सकाळी हेली बोलवू. कागद आम्ही करतो. डोकेदुखी, खोकला, बस. तुम्हीही सोबत म्हणून बसा. पैसे कंपनी देते."

हे प्रकरण माझ्या कानावर होतं, म्हणून सावध होते. गरज नसताना 'सुटका' दाखवून विम्याचे पैसे काढायचे, त्यात एजन्सी, हेलिकॉप्टरवाले, दवाखाने सगळ्यांचा वाटा, हा धंदा इतका माजला की २०१८ मध्ये नेपाळ सरकारला चौकशी लावावी लागली. विमा कंपन्यांनी संरक्षण काढून घेण्याची भाषा केली होती. काकांनी पांघरुणातूनच विचारलं, "काय म्हणतोय?" मी सांगितलं. ते उठले, बूट न घालता जेवणाच्या खोलीत गेले आणि फरशीच्या फटीवरून एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवत टोकापर्यंत सरळ चालून दाखवलं. "झालं? झोपू आता?"

ही चाचणी शिकून जा. असं सरळ चालता येत नसेल, बोलणं अडखळत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, तर ते खरं आजारपण आहे. तेव्हा सकाळची वाट पाहू नका, रात्रीच खाली उतरवायला लागा आणि हेलिकॉप्टर जरूर बोलवा. ते त्यासाठीच आहे. विमा घेताना ६,००० मीटरपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टरने सुटका, दोन्ही लिहिलेलं आहे का बघा. विमा कंपनीचा आणीबाणीचा नंबर स्वतःजवळ ठेवा आणि हेलिकॉप्टर बोलावण्याआधी फोन तुम्ही करा, गाईडला करू देऊ नका. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी आम्ही डॉक्टरांना विचारून १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ घेत होतो. सल्फाची ॲलर्जी असेल तर विचारल्याशिवाय हातही लावू नका.

दुसऱ्या दिवशी लोबुचे ते गोरक्षेप. सगळ्यांनी 'सपाट आहे' म्हणून सांगितलेला तुकडा. साडेचार किलोमीटर, उंची जेमतेम सव्वादोनशे मीटर वाढते, कागदावर काहीच नाही. प्रत्यक्षात शेवटचा अर्धा रस्ता हिमनदीने लोटून आणलेल्या दगडधोंड्यांच्या ढिगावरून आहे. वीस पावलं वर, पंधरा खाली, परत वर. प्रत्येक उंचवट्यावर वाटतं, आलं. येत नाही. मला तीन तास चाळीस मिनिटं लागली, त्यात शेवटचा तास मी फक्त समोरच्याच्या बुटांची टाच मोजत चालले. इथे श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो. पूर्ण वाटेवर मला हाच एक तुकडा नकोसा झाला, आणि त्याच दिवशी जेवून लगेच बेस कॅम्पला जाऊन यायचं होतं. गेलो, आलो. ५,३६४ मीटर. रंगीत पताका, दगड, फोटो.

आता महत्त्वाचं ऐका. बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर दिसत नाही. ते नीट दिसतं काला पत्थरवरून, गोरक्षेपहून पहाटे दोन-अडीच तास चढून. आमच्या कार्यक्रमात 'काला पत्थर, सूर्योदय' असं ठळक लिहिलं होतं. त्याच दिवसापुढे 'हेलिकॉप्टर' असंही लिहिलं होतं. आणि हेलिकॉप्टर सकाळी लवकर येतं, कारण दुपारी ढग आणि वारा. दोन्ही एकाच सकाळी बसत नाहीत, हे कार्यक्रम छापणाऱ्याला ठाऊक असतं. मी इंदूरहून तिथवर गेले आणि काला पत्थर खालून बघून आले. हे १२० डॉलरपेक्षा जास्त लागलं.

तर, ताणकाटा. शटल म्हणजे काय ते समजून घ्या. जे हेलिकॉप्टर लुक्लाला पाच माणसं सहज आणतं, तेच गोरक्षेपहून दोन-तीन माणसंच उचलतं, कारण ५,१६४ मीटरवर हवा विरळ आणि पात्यांना पकड मिळत नाही. म्हणून ते आधी दोघांना बरंच खाली फेरिचेला सोडतं, परत येतं, उरलेल्यांना नेतं आणि तिथून सगळ्यांना एकत्र घेऊन पुढे जातं. हे अगदी बरोबर आहे, आणि पायलटने काट्यावर एक किलोही सोडू नये असंच मला वाटतं. पण गोरक्षेपला हवा विरळ असते हे एजन्सीला त्या दिवशी सकाळी कळलेलं नव्हतं. या हेलिकॉप्टरचे ४२० डॉलर घेताना माहीत होतं. भाच्याने ईमेल उघडून गाईडसमोर धरला, गाईडने ऑफिसला फोन लावला, ऑफिसने इंधनाचं कारण दिलं, मग हवामानाचं. पाऊण तास हे चाललं होतं आणि माझ्या हातमोज्यांतली बोटं मला जाणवत नव्हती. माणशी ६० वर तुटलं. पावती मिळाली नाही. माझी बॅग मागे राहिली, 'पुढच्या खेपेला येईल.'

खरं सांगू? त्या थंडीत त्यांनी ३०० वर अडवून धरलं असतं तरी मी दिले असते. आदल्या दिवशीचे ते धोंडे परत तुडवण्याची कल्पनाच करवत नव्हती. आणि उडाल्यावर, खिडकीत आमा दबलमचा डोंगर इतका जवळ आला की त्याच्या कड्यावरचा बर्फाचा लोंबता थर दिसला, तेव्हा दहा-बारा मिनिटं मी एजन्सीला माफही केलं होतं.

लुक्लाला उतरवलं तेव्हा साडेनऊ. "काठमांडूची सीट उद्या." का? आमचं हेलिकॉप्टर दुसरी खेप मारायला परत गेलं होतं. कागदावर 'थेट' हा शब्द नव्हता, मी तो मनानेच वाचला होता. रात्र लुक्लाला स्वखर्चाने. म्हणजे चालत तीन दिवसांत लुक्लाला आलो असतो, तिथे हेलिकॉप्टरने त्याच दिवशी आलो आणि एक दिवस बसून राहिलो. वाचले दोन दिवस. चालत उतरताना काकांसारख्यांची झोप आणि भूक पहिल्याच रात्री परत येते, आणि काला पत्थरही हातचा जात नाही. माझं मत विचाराल तर गुडघे चांगले असतील तर चालत उतरा. खुंबूतल्या, म्हणजे एव्हरेस्टच्या या भागातल्या लोकांनाही या रोजच्या घरघरीचा वीट आलाय. वाटेतल्या भोजनालयांचं गिऱ्हाईक त्यांच्या डोक्यावरून उडून जातं. २०२५ च्या सुरुवातीला त्यांनी हेलिकॉप्टर उतरण्याच्या जागा अडवल्या होत्या. त्यामुळे तुमच्या तारखांना नियम काय आहेत तेही आधी विचारा.

तरीही उडायचंच असेल तर पैसे भरण्याआधी ईमेलवर लेखी घ्या: शटलचा खर्च धरलेला आहे का, सामान माणशी किती किलो, लुक्लाला हेलिकॉप्टर बदलायचं आहे का, तिथे अडकलो तर राहण्याचे पैसे कुणाचे, हवामानाने उड्डाण झालंच नाही तर किती रक्कम परत. आणि काला पत्थरसाठी गोरक्षेपला एक रात्र जास्त मागा. फोनवर 'हो हो, सगळं त्यात आलं' म्हणतील. फोन ठेवा, ईमेल मागा. दोन डॉलरचा ताणकाटा घरून घेऊन जा आणि लोबुचेलाच बॅग तोलून जड सामान पोर्टरबरोबर खाली पाठवा. पोर्टर तसाही चालतच उतरतो.

माझी बॅग काठमांडूतल्या ठमेलला तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आली, आमच्या दिल्लीच्या विमानाच्या आदल्या रात्री. जीरावनची डबी आत फुटली होती आणि भाड्याची स्लीपिंग बॅग पिवळट झाली होती. भाड्याच्या दुकानातल्या माणसाने ती नाकाशी नेली, माझ्याकडे बघितलं, परत नाकाशी नेली आणि धुलाईचे पाचशे नेपाळी कापून घेतले. त्याने पावती दिली.