जेसीबी परत गेला तो दिवस

जंगलात श्रमदानाला नव्याने आलेल्या माणसाचा प्रश्न ठरलेला असतो, "रोपं कुठे लावायची?" त्यावर आम्ही त्याच्या हातात कुदळ देतो. तेव्हाचा चेहरा बघण्यासारखा असतो. आमचं बहुतेक काम उपटायचं, आणि उपटायची ती घाणेरी. कुणी तिला टणटणी म्हणतात. मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. शोभेचं झुडूप म्हणून ती जगभर नेली गेली आणि आता आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या 100 सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत जाऊन बसली आहे. गुरं सहसा तिला तोंड लावत नाहीत. लावलंच तर यकृतावर बेततं. फळं मात्र बुलबुलांच्या आवडीची, त्यामुळे बी कुठे पडेल याचा नेम नाही.

त्या दिवशी वनविभागाने आखून दिलेला पट्टा घाणेरीने इतका गच्च भरला होता की आत वाकूनही शिरता येईना. तिच्या चौकोनी फांद्यांना मागे वळलेले बारीक काटे असतात. हात घालताना काही वाटत नाही, बाहेर काढताना सोलवटतो. तासाभरात सगळ्यांच्या कोपरांवर ओरखडे आणि प्रगती म्हणाल तर दोन-तीन जाळ्या.

तेवढ्यात आमच्या कामाला अधूनमधून मदत करणारे एक गृहस्थ आले. थोडा वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिले. मग म्हणाले, "कशाला जिवाचे हाल करून घेताय? माझा जेसीबी रिकामाच उभा आहे. दुपारपर्यंत मैदान साफ करून देतो." आणि लगेच फोन लावला. खोटं कशाला बोला, आमच्यातल्या निम्म्यांचे चेहरे उजळले. वनरक्षकांनी परवानगीशिवाय यंत्र आत येणार नाही म्हणून सांगितलं, तर यांचं म्हणणं, "अहो, परवानगीचं मी बघतो." अर्ध्या तासात पिवळं धूड जंगलाच्या कडेला येऊन घुरघुरायला लागलं.

आमच्यासोबत वनमजूर म्हणून काम करणाऱ्या मावशी होत्या. तोवर त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी कोयता खाली ठेवला, "साहेब, जरा हितं बसा," म्हणाल्या आणि न कापलेल्या एका जाळीखाली कोपरांवर सरपटत शिरल्या. साहेबांनाही बसावं लागलं. मावशींनी हाताने पाचोळा बाजूला केला. आधी काहीच दिसेना. मग त्यांनी बोट ठेवलं तिथे पेन्सिलीएवढी जाड एक काडी, टोकाला चार पानं. त्यातलं एक पान त्यांनी उलटवलं. देठाजवळ, मधल्या शिरेला लागून दोन बारीक गाठी, या झाडाची ओळखखूण. "हा ऐन." हातभर पुढे बेहड्याची दोन पिल्लं. त्यापलीकडे पळस, तीन पानांचा, उजेडाच्या शोधात साफ वाकडा झालेला. एक माणूस आडवा झोपेल एवढ्या जागेत मावशींनी नऊ रोपं दाखवली. रोपवाटिकेतून आणायची, खड्डे करायचे, पाणी घालायचं, ती सगळी कटकट जंगलाने आपली आपण उरकून ठेवलेली.

"तुमचं मशीन यातलं काय काय सोडंल?" मावशींनी विचारलं.

गृहस्थांनी उत्तर दिलं नाही. उठून कडेला गेले, चालकाशी काहीतरी बोलले आणि यंत्र वळलं. परवानगीचा विषय नंतर कुणीच काढला नाही. मला या माणसाचं कौतुक वाटलं, कारण एवढ्या लोकांसमोर शब्द मागे घेणं सोपं नसतं. उरलेला दिवस ते कुदळ घेऊन आमच्यात होते. पायात कातडी बूट होते, त्यांचं पुढे काय झालं ते विचारू नका.

घाणेरी काढायचीही रीत आहे. वरून छाटली की खोडाच्या बुंध्यातून दुप्पट फुटवे येतात. म्हणून बुंध्याभोवतीची माती मोकळी करून मुख्य मूळ जमिनीच्या तीन ते पाच सेंटीमीटर खाली तोडायचं, कारण फुटायची ताकद त्याच्या वरच्या भागात असते. मग अख्खं झुडूप उलटं करून, मुळं आभाळाकडे, वाळत ठेवायचं. फांदी ओल्या मातीला टेकली तर तिथेही मूळ धरते. दिल्ली विद्यापीठातले सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वापरून दाखवली आहे. पावसाने माती मऊ असताना आणि फळ धरायच्या आत हे उरकलं तर निम्मे कष्ट वाचतात. वाळलेली घाणेरी मात्र आगीला शिडीच. वणवा तिच्यावरून थेट झाडांच्या शेंड्यांपर्यंत चढतो. त्यामुळे उलटी केलेली झुडपं मोठ्या झाडांपासून लांब नेऊन टाकावी लागतात, आणि ओढायचं हे काम उपटण्याहून जास्त जीव काढतं.

दुपारनंतर आम्हाला चेव चढला होता, पण मावशींनी मधेच थांबवलं. एकदम सगळं उघडं केलं तर मोकळ्या जमिनीवर रानमोडी, गाजरगवत अशी उपद्रवी तणं धावून येतात, शिवाय सावलीत वाढलेली रोपं उन्हाने होरपळतात. म्हणून मधला एक पट्टा तसाच राखला. सापडलेल्या प्रत्येक रोपाशेजारी काठी रोवून तिला रंगीत चिंधी बांधली, म्हणजे पुढच्या वेळी कुणाचा पाय पडायला नको.

या कामाची खरी परीक्षा मात्र नंतरच्या पावसाळ्यांत असते. पक्षी जिथे बसतात त्या झाडांखाली घाणेरीची नवी रोपं उगवतात. ती बोटभर असतानाच चिमटीत धरून उपटायची. ना कुदळ लागते ना ताकद, नुसतं वाकून चालायचं. वृक्षारोपण म्हटलं की माणसं मावत नाहीत. या फेरीसाठी मात्र प्रत्येकाला दोनदा फोन करावा लागतो, आणि तरी येणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव त्या गृहस्थांचंच असतं.