केसपेपरवरचं ‘एनए’

आमच्याकडे ‘एनए’ म्हटलं की लोकांना प्लॉट आठवतो. एनए झालाय का, रस्ता किती फुटी, विहीर कोणाची. मी ही दोन अक्षरं २०२१ च्या एप्रिलमध्ये एका केसपेपरवर लिहिली. नॉट अव्हेलेबल या अर्थाने. आणि ती खोटी होती.

मी भूलतज्ज्ञ आहे. तेव्हा तालुक्याच्या गावी ४० खाटांच्या कोविड रुग्णालयात रात्रपाळ्या करत होते. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८ हजारांवर रुग्ण सापडले, त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांतली ही रात्र. चाळीसच्या चाळीस खाटांवर ऑक्सिजन चालू. मॅनिफोल्डच्या खोलीत, जिथून सिलिंडरचा ऑक्सिजन नळीने वॉर्डात जातो, आमचे वॉर्डबॉय मामा दर तासाला उरलेल्या सिलिंडरांचा आकडा भिंतीवर खडूने लिहायचे. रात्री अकराला आकडा होता २२.

जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७ हजार लिटर ऑक्सिजन मावतो. कोणी मिनिटाला ४ लिटरवर, कोणी १५ वर, सरासरी ८ धरली तर चाळीस जणांना मिनिटाला ३२० लिटर. म्हणजे २२ सिलिंडर सकाळी सातपर्यंत. गाडी ‘पहाटे येईल’ असं सांगितलेलं. त्या महिन्यात पहाट कधी दुपारी दोनलाही व्हायची.

सोळा नंबरला एक काका होते, पासष्टीच्या पुढचे, एसटीतून निवृत्त झालेले. एचआरसीटी, म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनचा स्कोअर २५ पैकी १९. एनआरबीएम, म्हणजे पिशवीवाला मास्क १५ लिटरवर लावूनही सॅच्युरेशन, रक्तातला ऑक्सिजन, ८४ टक्क्यांच्या वर सरकेना. पुढची पायरी एचएफएनसी, नाकातून जोरात गरम, दमट ऑक्सिजन सोडणारं मशीन. ते आमच्याकडे होतं. कोपऱ्यात, चादर घालून ठेवलेलं. पण ते मिनिटाला पन्नास-साठ लिटर ओढतं. इंडेंटच्या, म्हणजे मागणीपत्राच्या कागदामागे मी गणित मांडलं: मशीन लावलं तर सातला संपणारा साठा सहाच्या सुमारास संपतो. तो एक तास उरलेल्या एकोणचाळीस जणांचा होता.

नाही लावलं.

त्याऐवजी वॉर्डभर फिरले. ज्यांचं ९७-९८ दिसत होतं त्यांचा फ्लो कमी केला; ९२-९४ पुरतं. नऊ नंबरच्या आजींची फ्लोमीटरमधली गोळी मी ८ वरून ५ वर आणली. परत फिरले तेव्हा त्यांच्या मुलाने गुपचूप १० वर नेऊन ठेवलेली. मी ओरडले त्याच्यावर. तो म्हणाला, “मॅडम, तुमची आई असती तर?” हा प्रश्न मला त्या दोन महिन्यांत इतक्यांदा विचारला गेला, की माझ्या आईला मी फोन करणंच कमी केलं होतं.

काकांच्या मुलीला गेटवर जाऊन सांगितलं, मशीन उपलब्ध नाही. ती रडली नाही. “दुसरीकडे बघू का?” म्हणाली. अर्धा तास फोन लावत होती. जिल्ह्याच्या ठिकाणी खाट नव्हती, शेजारच्या जिल्ह्यातही नव्हती.

काका पहाटे चारच्या पुढे गेले. सिलिंडरची गाडी सव्वापाचला आली.

मशीन लावलं असतं तर ते वाचले असते असं मी म्हणणार नाही. स्कोअर १९ आणि त्यात मधुमेह. असे फार थोडे आमच्याकडून बरे होऊन घरी गेले. बोच वेगळीच आहे. इटलीतल्या माझ्याच पेशाच्या लोकांनी, भूल आणि अतिदक्षता तज्ज्ञांच्या सियार्ती या संघटनेने, मार्च २०२० मध्ये १५ शिफारशींचा एक कागद काढला होता. वेळ आलीच तर अतिदक्षता विभागात घेताना वयाची मर्यादा घालावी लागेल, ‘आधी येईल त्याला आधी’ चालणार नाही, असं त्यात सरळ लिहिलेलं. तिथे त्यावरून गदारोळ झाला. वयाचा मुद्दा मलाही पटत नाही. पण आधी येईल त्याला आधी हेही कसलं न्यायाचं? वाडीवरच्या माणसाला १०८ मिळून तो पोचेपर्यंत गावातल्यांनी खाटा भरलेल्या. आणि ज्याच्याकडे कोणा साहेबाचा नंबर आहे, तो तर न येताच आधी असतो. एका फोनवर मीही एक खाट चार तास रिकामी ठेवली आहे.

तरी त्या कागदाचा मला हेवा वाटतो. डॉक्टरच्या डोक्यावरचा थोडा भार उतरावा, हेही त्यांनी त्यात कारण म्हणून दिलं होतं. आम्हाला रेमडेसिविरच्या वाटपाच्या याद्या रोज यायच्या, कुठल्या रुग्णालयाला किती कुप्या, शिक्क्यासकट. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या नोव्हेंबरमध्येच नको म्हटलेल्या औषधाच्या! ऑक्सिजन कोणाचा काढायचा याचा एक ओळीचाही कागद माझ्या हातात कोणी दिला नाही. वरिष्ठांना फोन केला तर म्हणाले, “तुम्ही तिथे आहात, तुम्हीच ठरवा.” ठरवलं. आणि केसपेपरवर ‘एचएफएनसी: एनए’ लिहिलं, कारण खरं कारण लिहायला रकाना नव्हता. हिंमतही नव्हती.

पुढच्या जानेवारीत ती मुलगी आली. पन्नास हजारांच्या सानुग्रह अनुदानासाठी कागद जमवत होती. प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये सगळं नीट लावलेलं: मृत्यूचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक. केसपेपरच्या झेरॉक्सवर बोट ठेवून तिने विचारलं, “मॅडम, हे एनए म्हणजे?”

मी म्हटलं, “मशीन होतं. ऑक्सिजन पुरला नसता. मी नाही लावलं.”

ती थोडा वेळ कागदाकडेच बघत राहिली. मग फाईल बंद करून म्हणाली, “यावर सही-शिक्का कुठे मिळेल?”

मी पहिल्या मजल्यावरची खिडकी दाखवली. जेवणाची सुट्टी दोनला संपते, हेही सांगितलं.